संगीत ऐकण्याच्या खोलीतले दिवे: छत बंद करण्यापूर्वी काय काय ठरवावे?

मंद्रसप्तक

फक्त संगीत ऐकण्यासाठी एक खोली तयार होते आहे. लांबी साडेपाच मीटर, रुंदी चार मीटर, उंची २.९ मीटर. स्पीकर चार मीटरच्या भिंतीपाशी, बैठक मागच्या भिंतीपासून साधारण दीड मीटर पुढे. छताचा सांगाडा लटकवून झाला आहे, जिप्सम बोर्ड अजून चढवलेले नाहीत. बाजूच्या भिंतींवर गडद कापडाची ध्वनिशोषक पॅनेल येणार आहेत. सामग्रीत टर्नटेबल (मूव्हिंग कॉइल काट्रिज, म्हणजे सुईच्या कंपाची वीज करणारा भाग), वेगळा फोनो स्टेज (काट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारा) आणि व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर.

वायरमनचा बेत असा: छतात आठ डाउनलाइट (छतात भोक पाडून बसवलेले, खाली उजेड टाकणारे दिवे), सगळे एकाच गोल डिमरवर, स्पीकरच्या मागे रंग बदलणारी एलईडी स्ट्रिप, दरवाजापाशी स्विचबोर्ड. मला ऐकताना जवळपास अंधार हवा, पण रेकॉर्ड पुसताना आणि कव्हरवरचा बारीक मजकूर वाचताना भरपूर उजेड हवा. डिमरमुळे स्पीकरमधून गुणगुण येते असं वाचलं आहे. ते कितपत खरं, आणि या बेतात काय बदलावं?

---

तारजोड

खरं आहे, आणि तुमच्या सामग्रीत तर जास्तच खरं. मूव्हिंग कॉइल काट्रिज जेमतेम ०.४ मिलिव्होल्ट देतं. फोनो स्टेज ते हजारपट वाढवतो. त्या ०.४ मिलिव्होल्टशेजारी १ मायक्रोव्होल्टचा कचरा, म्हणजे नको असलेला सिग्नल, शिरला तर तो संगीताच्या फक्त ५२ डेसिबल खाली असतो. शांत आलापात तो स्वच्छ ऐकू येईल.

गोल डिमर बहुतेक वेळा ट्रायकचा (वीज झटक्यात सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) असतो. तो विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा भाग कापतो आणि मध्येच वीज एकदम सोडतो. डिमर निम्म्यावर असताना ही सोडण्याची वेळ नेमकी लाटेच्या माथ्यावर येते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात तो माथा ३२५ व्होल्टचा. म्हणजे काही मायक्रोसेकंदांत शून्यावरून ३२५, आणि ५० हर्ट्झच्या विजेवर हे सेकंदाला शंभर वेळा. त्यातून निघणारा कचरा रेडिओ लहरींपर्यंत पोचतो आणि खोलीतली सगळी वायरिंग अँटेनासारखी तो पसरवते. म्हणून डिमर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असताना शांतता आणि मध्यावर सर्वात जास्त खरखर, असा अनुभव येतो. लाटेची शेपटी कापणारे ट्रेलिंग एज डिमर पुष्कळ सौम्य असतात, पण तेही निर्दोष नाहीत. शिवाय अशा डिमरला किमान भार लागतो. जुन्या ट्रायक डिमरना कित्येकदा ४० वॅटपर्यंत. पाच-सहा वॅटचे मोजके दिवे लावले की ते खालच्या टोकाला लुकलुकतात किंवा एकदम विझतात.

दुसरी गोष्ट, प्रत्येक डाउनलाइटचा स्वतःचा ड्रायव्हर (मेन्सच्या विजेतून एलईडीला लागणारी वीज करून देणारा भाग) असतो. आठ दिवे म्हणजे आठ छोटे स्विचिंग पुरवठे तुमच्या डोक्यावर, दहा-दहा किलोहर्ट्झपासून शेकडो किलोहर्ट्झपर्यंत चालणारे. त्यांचे फिल्टर थोडा थोडा प्रवाह अर्थिंगमध्ये सोडतात. तेच अर्थिंग तुमच्या फोनो स्टेजलाही जातं.

तेव्हा क्रम उलटा करा. दिवे नंतर निवडा, आधी मंद करण्याची पद्धत ठरवा. मी असं करीन: खोलीत २४ व्होल्टचे दिवे, आणि त्यांचा ड्रायव्हर व डिमर दोन्ही खोलीबाहेर, हवा खेळती असलेल्या कपाटात. माळ्यावर कोंडू नका. ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंश सेल्सियसने वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं. ड्रायव्हरवर क्षमतेच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त भार टाकू नका.

स्ट्रिप मंद करताना जवळपास नेहमी पीडब्ल्यूएम वापरतात, म्हणजे दिवा भराभर चालू-बंद करतात. स्वस्त कंट्रोलर हे २०० ते १००० हर्ट्झवर करतात. हा पट्टा सरळ संगीताच्या मधोमध येतो. ड्रायव्हरमधली कॉइल आणि सिरॅमिक कपॅसिटर त्याच सुरात गायला लागतात. माहितीपत्रकात पीडब्ल्यूएमची वारंवारता २० किलोहर्ट्झच्या वर लिहिलेली असेल तोच कंट्रोलर घ्या. त्याचा एक तोटा आहे: २० किलोहर्ट्झला एक आवर्तन ५० मायक्रोसेकंदांचं, त्याचा एक टक्का म्हणजे अर्धा मायक्रोसेकंद. सुमार कंट्रोलरला एवढ्या झटपट उघडझाप जमत नाही. तो ४-५ टक्क्यांवरच पटकन विझतो. विकत घेण्याआधी तुमच्याच स्ट्रिपचा एक मीटर तुकडा जोडून खालचं टोक बघा.

ऑडिओची लाइन मीटरबोर्डापासून वेगळ्या एमसीबीवर (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच), दिव्यांची वेगळ्या. दिव्यांची वायर आणि सिग्नल केबल समांतर न्यावी लागली तर निदान ३०० मिलिमीटर अंतर, ओलांडताना काटकोनात. आणि गुणगुण आली म्हणून कोणी अर्थिंग काढून टाकायला सांगितलं तर त्या माणसाला दुसऱ्यांदा बोलावू नका.

---

मंद्रसप्तक

तारजोड, मनापासून आभार. बाहेरचं कपाट वायरच्या वाटेने साधारण १२ मीटरवर पडतं. एवढ्या अंतरात २४ व्होल्ट उतरणार नाहीत का? १२ व्होल्टच्या स्ट्रिप सहज मिळतात, त्या चालतील?

---

तारजोड

हिशेब सोपा आहे. १.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम. जाऊन-येऊन २४ मीटर, म्हणजे ०.२९ ओहम. समजा एका बाजूच्या भिंतीवर साडेपाच मीटर स्ट्रिप, मीटरला ५ वॅट, एकूण २७.५ वॅट. २४ व्होल्टला प्रवाह १.१५ अॅम्पिअर, घट ०.३३ व्होल्ट, दीड टक्क्याच्या आत. डोळ्याला कळणारही नाही. तीच स्ट्रिप १२ व्होल्टची घेतलीत तर प्रवाह दुप्पट आणि घट ०.६७ व्होल्ट, म्हणजे साडेपाच टक्क्यांहून जास्त. स्ट्रिप फिकी दिसेल. त्यामुळे २४च.

प्रत्येक भिंतीच्या स्ट्रिपला कपाटापासून स्वतंत्र जोडी न्या, एकातून दुसरी पुढे जोडत नेऊ नका. पाच मीटरपेक्षा लांब स्ट्रिपला दोन्ही टोकांकडून पुरवठा द्या, कारण स्ट्रिपमधला तांब्याचा थर फार पातळ असतो आणि खरी घट तिथे होते.

डिमर दूर ठेवला की पीडब्ल्यूएमचा तुटक प्रवाह या १२ मीटर वायरीतून धावणार, हेही ध्यानात घ्या. म्हणून दोन्ही तारा एकमेकींना घट्ट पीळ देऊन न्या, मीटरला तीसेक पीळ. सुट्या, लांब लांब अंतरावर टाकलेल्या तारा म्हणजे मोठा लूप, आणि मोठा लूप म्हणजे चांगला ट्रान्समीटर. हे टाळायचंच असेल तर प्रवाह कमी-जास्त करून मंद होणारे कॉन्स्टंट करंट दिवे घ्या, १-१० व्होल्ट किंवा डाली (दिव्यांना वेगळ्या तारांवरून डिजिटल आज्ञा देण्याची पद्धत) नियंत्रणाचे. पण डाली लिहिलेला प्रत्येक ड्रायव्हर प्रवाहानेच मंद करतो असं नाही. काही आतून पीडब्ल्यूएमच वापरतात. माहितीपत्रकात मंद करण्याच्या पद्धतीची ओळ शोधा.

---

निरांजन

विजेचं तारजोड यांनी नीट सांगितलं आहे, मी उजेडाबद्दल लिहिते.

आठ डाउनलाइट एकाच डिमरवर, ही या खोलीतली सगळ्यात मोठी चूक ठरेल. ऐकणाऱ्याची नजर समोर आणि किंचित वर असते. मान मागे टेकली की छतातला दिवा थेट डोळ्यांत. तो कितीही मंद करा, अंधारात एकच ठिपका चमकला की नजर तिथेच जाते. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १.१ मीटरवर असतो. खुर्ची ठेवून, त्या उंचीवर मोबाइलचा कॅमेरा धरून चहूकडे फिरवा. एकही उघडा दिवा दिसता कामा नये.

उजेडाचे तीन गट पाडा आणि तिघांना स्वतंत्र डिमर द्या. पहिला, दोन बाजूच्या आणि मागच्या भिंतीला छतालगत कोव्ह (छताकडे उजेड टाकणारी स्ट्रिप लपवायची पन्हळ), एकूण १५ मीटर. मीटरला ५ वॅट आणि ४५० ल्युमेनची (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) स्ट्रिप धरली तर ६७५० ल्युमेन. गडद पॅनेलमुळे यातला तिसरा हिस्सा खाली पोचला तरी खूप झालं. २२ चौरस मीटरला सरासरी १०० लक्स (लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन). झाडलोट, वायरी जोडणं यासाठी पुरे. पॅनेल निवडण्याआधी हा हिशेब केलेला बरा. पांढऱ्या भिंतींचा हिशेब गडद कापडाला लावला की खोली गुहेसारखी होते आणि मग दोष दिव्यांना जातो. कोव्हचा ओठ आणि छत यांत निदान १५० मिलिमीटर मोकळे ठेवा, नाहीतर छतावर नुसता भगभगीत पट्टा दिसेल आणि मधलं छत काळं राहील. छताला चकाकी नसलेला, मॅट रंगच द्या. चकचकीत रंगात स्ट्रिपचे ठिपके आरशासारखे उमटतात.

दुसरा गट स्पीकरमागच्या भिंतीचा. इथे ऐकताना ५ ते १० लक्स पुष्कळ. भिंतीवर अंधुक उजेड असला की डोळ्याला ताण पडत नाही, आणि स्पीकर काळ्या आकृत्यांसारखे उठून दिसतात. व्हॉल्व्हची (अॅम्प्लिफायरमधल्या तापून चमकणाऱ्या काचेच्या नळ्यांची) लाली बघायची हौस असेल तर अॅम्प्लिफायरवर वरून काहीही पडू देऊ नका.

तिसरा गट रेकॉर्डचं शेल्फ आणि टर्नटेबल. शेल्फवर उभ्या पृष्ठभागावर २०० ते ३०० लक्स, टर्नटेबलपाशी ५००. शेल्फची स्ट्रिप पुढच्या कडेला, आतल्या बाजूला तोंड करून बसवा. मागे बसवली तर रेकॉर्डच्या कण्यांवर फक्त सावली पडते.

रंग बदलणारी स्ट्रिप गाळा. तीन रंग मिसळून केलेल्या पांढऱ्यात लाकूड आणि माणसाची कातडी, दोन्ही आजारी दिसतात. साधी २७०० केल्विनची, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वर आणि आर९ पन्नासच्या वर असलेली घ्या. आर९ म्हणजे गडद लाल रंग किती खरा दिसतो त्याचा आकडा. जुन्या कव्हरांवर लाल आणि तपकिरी रंग फार, तिथे फरक लगेच जाणवतो.

एक शेवटचं. डिमर १० टक्क्यांपर्यंत उतरतो असं लिहिलेलं असेल तर ते पुरेसं नाही. डोळ्याला जाणवणारा उजेड साधारण वर्गमुळाच्या हिशेबाने चालतो. मोजून १० टक्के उजेड डोळ्याला ३२ टक्क्यांसारखा वाटतो. जवळपास अंधार हवा तर डिमर १ टक्क्यापर्यंत, न लुकलुकता, उतरला पाहिजे.

---

खर्जाचा_पडदा

कोणी खडखडाटाबद्दल बोललंच नाही. डाउनलाइटचा खरा त्रास तिथे आहे.

छतात डाउनलाइट धरून ठेवतात दोन स्प्रिंगच्या क्लिपा. ४०-८० हर्ट्झचा जोरकस स्वर आला की जिप्सम बोर्ड हलतो आणि क्लिप, कडेची रिंग, पुढची काच यांतलं काहीतरी किरकिरतं. त्याहून वाईट म्हणजे ड्रायव्हर. तो कोणी स्क्रूने बसवत नाही, भोकातून आत ढकलून बोर्डावर तसाच सोडतात. तो तिथे तबल्याच्या डग्ग्याबरोबर नाचतो. श्रोता मात्र महिनाभर स्पीकरचा वूफर फाटला का ते तपासत बसतो.

तुमचं छत लटकणारं आहे. त्याचे हँगर रबराचे असतील तर दर भोकागणिक तुम्ही त्या खर्चावर पाणी ओतता आहात. ७५-९० मिलिमीटरचं एक भोक, अशी आठ. आवाज सरळ वरच्या पोकळीत जातो. तसंच, स्लॅबमधून आलेला कडक कंड्युट पाइप थेट बोर्डावरच्या दिव्याला जोडला तर रबरी हँगरना वळसा घालून कंप वर पोचतो. पाइप स्लॅबपाशी थांबवा, पुढे लवचीक वायरीचा सैल वेढा द्या. कोव्ह, भिंतीवरचे दिवे, उभे लॅम्प यांना छतात भोक लागत नाही, म्हणून निरांजन यांची योजना मला ध्वनीच्या बाजूनेही पटते.

कोव्हमध्येही एक जागा कुरकुरते: अॅल्युमिनियम प्रोफाइलचं प्लास्टिकचं झाकण. ते खाचेत नुसतं अडकवलेलं असतं. दर ३०० मिलिमीटरवर सिलिकॉनचा एक ठिपका लावा. मात्र सिलिकॉन न्यूट्रल क्युअर जातीचंच हवं. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधलं आम्ल तांबं खातं आणि एलईडीलाही बाधतं. प्रोफाइल आणि लाकूड यांच्यामध्ये ३ मिलिमीटर फोमची पट्टी.

बोर्ड चढवून, दिवे बसवून झाले की रंगाच्या शेवटच्या हाताआधी २० ते २०० हर्ट्झचा साइन स्वीप (खालून वर सरकत जाणारा एकच शुद्ध स्वर) लावा. नेहमी ऐकता त्यापेक्षा थोडा मोठा आवाज, आणि स्वीप सावकाश, निदान दोन मिनिटांचा. एक माणूस खुर्चीत, दुसरा शिडीवर. किरकिर आली की तिथेच स्वर थांबवून धरा आणि शिडीवरच्याने एकेक वस्तू बोटाने दाबत जावं. दाबल्यावर आवाज थांबला, की चोर सापडला. स्विचबोर्डाच्या प्लेटा आणि एसीची जाळी विसरू नका.

---

साधाबल्ब

एवढा उपद्व्याप कशाला? कोपऱ्यात एक उभा लॅम्प, त्यात २५ वॅटचा तारेचा बल्ब, डिमर नाही. ड्रायव्हर नाही, पीडब्ल्यूएम नाही, खरखर नाही. सीआरआय जवळपास १००. आणखी मंद हवा तर दोन सारखे ४० वॅटचे बल्ब सिरीजमध्ये जोडा. प्रत्येकाला निम्मा व्होल्टेज मिळतो, उजेड जेमतेम दहावा हिस्सा राहतो, रंग निखाऱ्यासारखा होतो आणि बल्ब वर्षानुवर्षं जात नाही.

---

तारजोड

साधाबल्ब यांचा उपाय विजेच्या दृष्टीने निर्मळ आहे, त्यात वाद नाही. सिरीजची जोडणी मात्र अर्थिंग असलेल्या, बंद पेटीतच व्हावी, टेबललॅम्पच्या वायरीत टेप गुंडाळून नव्हे. दोन बल्ब एकाच वॅटचे हवेत. एक ४० आणि एक १०० लावलात तर ४० वाला जवळपास पूर्ण पेटेल आणि १०० वाला झोपेल.

दोन अडचणी. अनेक देशांत तारेच्या बल्बची विक्री बंद झाली आहे, त्यामुळे पुढे बल्ब मिळण्याची खात्री नाही. आणि त्याच्यासारखे दिसणारे एलईडी फिलामेंट बल्ब ही वेगळी जात आहे. त्यांच्या टोपीत इवलासा ड्रायव्हर कोंबलेला असतो, मोठ्या कपॅसिटरला जागा नसते, म्हणून पुष्कळ बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ते सिरीजमध्ये लावू नका.

गरम बल्ब ध्वनिशोषक फोमपासून किंवा कापडापासून अर्धा मीटर तरी दूर. फोम पेटला की भयंकर विषारी धूर होतो.

---

मंद्रसप्तक

डाउनलाइट आणि गोल डिमर रद्द. कोव्ह, पुढची भिंत आणि शेल्फ, तिन्हीला २४ व्होल्ट आणि बाहेर ड्रायव्हर, असं वायरमनला कळवतो. दोन शंका राहिल्या. दिवे लागल्यावर गुणगुण आलीच तर ती दिव्यांची की दुसऱ्या कशाची, हे कसं ओळखायचं? आणि टर्नटेबलचा दिवा नेमका कोणता?

---

तारजोड

आधी दिव्यांचा एमसीबी पाडा. गुणगुण तशीच राहिली तर दिवे निर्दोष, मग अर्थ लूप (दोन वाटांनी अर्थ झाल्याने तयार होणारं वायरींचं वेटोळं) किंवा काट्रिजच्या तारा बघा. खोल, गोल ५० हर्ट्झचा हम बहुधा अर्थ लूपचा किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचा. कर्कश, माशी घोंघावल्यासारखा १०० हर्ट्झचा बझ बहुधा डिमर किंवा रेक्टिफायरचा. डिमर फिरवताना त्याचा पोत बदलला तर शंकाच नको.

कोणता दिवा, हे शोधायला बॅटरीवरचा मीडियम वेव्ह रेडिओ घ्या. ६०० किलोहर्ट्झच्या आसपास, जिथे स्टेशन नाही अशी जागा लावा आणि प्रत्येक ड्रायव्हर, स्ट्रिप, वायरीजवळ न्या. जिथे खरखर वाढेल तो दोषी. हाच रेडिओ दुकानात नेऊन ड्रायव्हर विकत घेण्याआधीही तपासता येतो. ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंच्या वायरींवर क्लिपचे फेराइट (वायरीवर चढवायची, रेडिओ लहरींचा कचरा अडवणारी कडी) चढवा, दोन्ही तारा एकाच फेराइटमधून, जमल्यास तीन वेढे. रेडिओवरची खरखर त्याने कमी होते. १०० हर्ट्झच्या बझवर मात्र फेराइटचा काही उपयोग नाही.

---

निरांजन

टर्नटेबलसाठी मान वळवता येणारा छोटा दिवा, बॅटरीवरचा असेल तर उत्तमच. अॅडॉप्टरवर चालणारा असेल तर अॅडॉप्टर टर्नटेबलपासून मीटरभर तरी दूर, आणि दिव्याचं बूड टर्नटेबलच्या चौथऱ्यावर नको, शेल्फवर किंवा भिंतीवर. हेडशेल (काट्रिज बसवलेलं दांडीचं टोक) उजवीकडे पुढे असतो, म्हणून उजेड डावीकडून, मागून आला तर सुई ठेवताना हाताची सावली पडत नाही. दिवा जितका खाली, म्हणजे रेकॉर्डच्या पातळीशी तीसेक अंशांचा कोन, तितकी धूळ आणि ओरखडे ठळक दिसतात. डोक्यावरच्या उजेडात घाण रेकॉर्डही स्वच्छ भासते.

एक अडचण येणार आहे ती आधीच सांगते. वेग तपासायची स्ट्रोबची चकती (वेग बरोबर असेल तर लुकलुकत्या उजेडात हिच्या रेघा थांबलेल्या दिसतात) स्थिर, न लुकलुकणाऱ्या उजेडात चालत नाही, रेघा नुसत्या पुसट दिसतात. ५० हर्ट्झच्या विजेसाठी ३३⅓ फेऱ्यांच्या चकतीवर १८० रेघा असतात, ६० हर्ट्झसाठी २१६. त्यांना अनुक्रमे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा लुकलुकणारा दिवाच लागतो. क्वार्ट्झवर चालणारा छोटा स्ट्रोब टॉर्च वेगळा ठेवा. मेन्सच्या वारंवारतेत थोडा चढउतार असतो, तो टॉर्चमध्ये नसतो.

चकतीचा उलटा उपयोगही होतो. टर्नटेबल ३३⅓ वर फिरवत ठेवा आणि खोलीतला एकेक दिवा आळीपाळीने लावून बघा. ज्या दिव्याखाली रेघा थांबलेल्या दिसतील तो १०० हर्ट्झला लुकलुकतो आहे, तो बदला. पीडब्ल्यूएमचं लुकलुकणं यात सापडणार नाही. त्यासाठी मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा किंवा उजेडात पटपट हलवलेली पेन्सिल: तुटक तुटक पेन्सिली दिसल्या तर वारंवारता कमी आहे.